मिळालेला श्वास आणि चालणारे पाय

जी वस्तू दुसऱ्याने आपणांस फुकट दिली, तिच्यासाठी आपण पुन्हा श्रम का करावे? प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. फुकट मिळालेले धोतरही ज्याचे त्यालाच नेसावे लागते, असे म्हणून कोणी तो दोन शब्दांत उडवूनही देईल. परंतु ज्या दानाविषयी आम्ही आज लिहिणार आहो ते धोतराएवढे लहान नाही, आणि ते घेण्यास लागणारे श्रमही लहान नाहीत. ते दान म्हणजे मृत मनुष्याच्या फुप्फुसांचे. ज्याची स्वतःची फुप्फुसे निकामी झाली आहेत त्याच्या छातीत ती बसवितात. आणि त्यानंतर त्या मनुष्याने महिनोगणती, किंबहुना जन्मभर, नेमाने चालावे, उठबस करावी, हातापायांस कष्ट द्यावे, असे डॉक्टर सांगतात. घरची माणसे म्हणतात, "मरणाच्या दारातून परत आला आहे; आता तरी त्याला स्वस्थ बसू द्या." ह्या दोघांत खरी दया कोणाची, आणि त्या आजाऱ्याचे कर्तव्य कोणते, ह्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय मोठ्या शहरांतील मोठ्या इस्पितळांचा, खेड्यातील वाचकांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण पनवेल तालुक्यातील वाचकांस कळंबोली ठाऊक आहे. २००२ साली पुरा झालेला पुण्याकडील द्रुतगती मार्ग घाट उतरून तेथे येऊन संपतो. पुण्यात एखादा मनुष्य मेंदूमृत झाला, त्याच्या आप्तांनी अवयव देण्यास संमती दिली, आणि एखादा अवयव मुंबईतील आजाऱ्यास जुळला, म्हणजे पोलीस वाटेतली वाहने थोपवून धरतात व रुग्णवाहिका ह्याच मार्गाने धावत जाते. लोक ह्या मोकळ्या वाटेला 'ग्रीन कॉरिडॉर' म्हणतात. घाई अशाकरिता की, थंड पेटीत ठेवलेली फुप्फुसे साधारणपणे सहा तासांच्या आत दुसऱ्याच्या छातीत बसवून त्यांत रक्त खेळू लागावे लागते. तेव्हा असे दान आमच्या भातखाचरांच्या शेजारून जात असते. शिवाय दुसरे कारण ह्याहून मोठे आहे. नवी फुप्फुसे मिळालेल्यास व्यायामाचा जो मार्ग सांगतात, त्याच मार्गाने चुलीच्या धुराने, विडीने किंवा जुन्या क्षयाने छाती दुबळी झालेली माणसेही पुष्कळ सुधारतात. आणि अशी माणसे नाहीत असे गाव आम्हांस ठाऊक नाही.

प्रथम हे दान कसे शक्य झाले ते थोडक्यात सांगतो. मनुष्याच्या फुप्फुसाचे पहिले प्रत्यारोपण ११ जून १९६३ रोजी अमेरिकेत मिसिसिपी प्रांतातील जॅक्सन ह्या गावी डॉ. जेम्स हार्डी ह्यांनी केले. ज्यास ते फुप्फुस मिळाले तो जॉन रसेल नावाचा जन्मठेपेचा कैदी होता. तो १८ दिवस जगला. पुढील वीस वर्षांत निरनिराळ्या देशांत चाळीसेक प्रयत्न झाले, परंतु रुग्ण फार दिवस जगेना. एक तर शरीर परक्या फुप्फुसाचा अव्हेर करी, नाही तर श्वासनलिकेचा सांधा भरून येत नसे. मग शरीराचा विरोध आवरून धरणारे सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आले, आणि १९८३ साली कॅनडातील टोरंटो शहरी डॉ. जोएल कूपर ह्यांनी ज्याला एक फुप्फुस बसविले तो सहा वर्षांहून अधिक जगला. आपल्या इकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयाचे प्रत्यारोपण करून पाहिले होते; तो रुग्ण काही तासच जगला. १९९४ साली आपल्या देशात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. त्याने मेंदूचा मृत्यू हा मनुष्याचा मृत्यू मानला आणि अवयवांची खरेदीविक्री हा गुन्हा ठरविला. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अवयवांचे न्याय्य वाटप पाहणाऱ्या समित्या आहेत, आणि फुप्फुसांचे प्रत्यारोपणही राज्यात होऊ लागले आहे.

परंतु वाचकहो, शस्त्रक्रिया झाली म्हणजे आजारी बरा झाला असे समजू नका. 'प्रत्यारोपण' ह्या शब्दाच्या पोटातच 'रोप' आहे, आणि रोपाचा धर्म आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. राबातील रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावले म्हणजे ते पहिले काही दिवस मान टाकते. मुळे तुटलेली असतात. जमीन अनोळखी असते. लावणी संपली म्हणून शेतकरी घोंगडी पांघरून निजत नाही. पाणी धरणे, बांध राखणे, बेणणी करणे ही कामे त्यानंतरच येतात. फुप्फुसाचेही तसेच आहे. ते दुसऱ्याच्या देहातून आले. त्याच्या रक्तवाहिन्या शस्त्रवैद्याने जोडल्या, श्वासनलिका जोडली. पण त्याच्या मज्जातंतूंची तोड तशीच राहिली. आणि ज्या देहात ते लावले तो देह वर्षानुवर्षे आजाराने खंगलेला आहे.

येथे एक गोष्ट अशी आहे की ती प्रथम ऐकणाऱ्यास नवल वाटते. नवी फुप्फुसे बसल्यावर श्वास मोजण्याच्या यंत्रात ती पुष्कळदा जवळजवळ निरोगी मनुष्याच्या फुप्फुसांसारखी चालतात. तरीही त्या मनुष्याची कष्ट करण्याची शक्ती मोजली तर ती त्याच्या वयाच्या निरोगी मनुष्याच्या चाळीस ते साठ टक्क्यांएवढीच भरते. मग उणीव कोठे राहिली? पायांत. ज्याला चार पावलांत धाप लागे तो आजारी वर्षानुवर्षे खाटेवर बसून राहिला. मांड्या वाळल्या, पोटऱ्या वाळल्या. त्यावर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी स्नायू व हाडे आणखी दुबळी होतात, आणि शरीराचा विरोध आवरणारी इतर औषधेही स्नायूंच्या शक्तीवर बोजा टाकतात. म्हणजे श्वास मिळाला, पण त्या श्वासाचा उपयोग करणारे अंग तयार नाही. विहिरीला पाणी लागले, पण रहाट मोडलेला, अशी ही स्थिती. हा रहाट शस्त्रवैद्यास दुरुस्त करता येत नाही, आणि दान देणाऱ्यासही देता येत नाही. तो ज्याचा त्यानेच चालवून चालता करावा लागतो.

दुसरी गोष्ट खोकल्याची. आपल्या छातीत कफ साचला की आपणांस आपोआप खोकला येतो. छातीच हाक मारते. नव्या फुप्फुसाचे मज्जातंतू तुटलेले असल्यामुळे सांध्याच्या खालच्या बाजूस कफ साचला तरी ते मनुष्यास नीट जाणवत नाही. फुप्फुस मुके असते. म्हणून रोज ठराविक वेळी दीर्घ श्वास घेऊन, छातीस उशी धरून, मुद्दाम खोकून कफ काढण्यास त्यास शिकवितात. हाक ऐकू येत नसतानाही मुक्याचे दुःख ओळखून वागणे, असे हे कर्तव्य आहे.

हा व्यायाम कसा असतो तेही सांगितले पाहिजे, कारण व्यायाम म्हटला की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे जोर, बैठका व तालीम उभी राहते. शस्त्रक्रियेच्या पूर्वीच, ऑक्सिजनची नळी नाकाशी लावून, आजाऱ्यास हळूहळू चालविण्यास आरंभ करतात. कारण जो बळ राखून शस्त्राखाली जातो तो लवकर उठतो. शस्त्रक्रियेनंतर, प्रकृती स्थिर होताच, फिजिओथेरपिस्ट त्यास प्रथम खाटेच्या कडेवर पाय सोडून बसवितो, मग उभे करितो, मग खुर्चीपर्यंत चार पावले नेतो. पुढे ओसरीत चालणे, जिना, खुर्चीवरून हात न टेकता उठणे व बसणे, हलकी वजने. छातीचे हाड जुळून येईपर्यंत, म्हणजे पहिले सहा ते बारा आठवडे, पाण्याचा हंडा किंवा कडेवरचे मूल उचलण्याची मनाई असते. किती प्रगती झाली ते पाहण्याची कसोटी अगदी साधी आहे. तीस मीटरची, म्हणजे सुमारे शंभर फुटांची, सपाट वाट आखतात. आजारी तीवरून सहा मिनिटे येरझाऱ्या घालतो आणि किती अंतर झाले ते मोजतात. बोटास लहानसे ऑक्सिमीटर लाविलेले असते. रक्तातील प्राणवायू किती आहे ते त्यावर दिसते. हीच सहा मिनिटांची कसोटी जगभर मोठमोठ्या इस्पितळांत चालते. तिला लागते ती वाट, घड्याळ आणि सोबत.

ह्या श्रमाचे फळ मिळते काय? बेल्जियम देशातील लूव्हेन येथे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची ह्याविषयी परीक्षा झाली आणि तिचा वृत्तांत २०१२ साली प्रसिद्ध झाला. इस्पितळातून घरी गेल्यावर काहींस तीन महिने, आठवड्यातून तीन वेळा, देखरेखीखाली व्यायाम दिला. इतरांस नुसते हिंडते-फिरते राहण्यास सांगितले. एका वर्षानंतर पाहता व्यायाम केलेल्यांच्या मांड्या अधिक बळकट होत्या, ते अधिक चालत होते, व त्यांचा रक्तदाबही कमी होता. व्यायाम थांबून नऊ महिने लोटले होते, तरी लाभ टिकला होता. कारण ज्याचे पाय एकदा चालू झाले तो पुढे आपल्या संसारातच चालत राहतो.

आता त्या दयेकडे वळू, जी आजाऱ्यास बसविते. ती दया खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्यामागे फार जुना समज आहे. छातीचा आजार म्हणजे विश्रांती, असे एके काळी शहाणे वैद्यही मानीत. क्षयाच्या रुग्णांसाठी डोंगरांवर आरोग्यधामे निघाली. आपल्याकडे पाचगणीस डॉ. बिलिमोरिया ह्यांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम काढिले. स्वच्छ हवा, चांगले अन्न व निजून राहणे, हा त्या काळचा मुख्य उपचार होता. त्याच काळी इंग्लंडात फ्रिम्ली येथील आरोग्यधामात, जे १९०५ साली निघाले, डॉ. मार्कस पॅटरसन रुग्णांस पायरीपायरीने कामास लावीत: प्रथम चालणे, मग मातीच्या टोपल्या वाहणे, मग खणणे. त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. परंतु रुग्ण निजवूनच ठेवला पाहिजे हे मत अटळ नाही एवढे त्यांनी दाखविले. पुढे क्षयावरील औषधे निघाली, तेव्हा मद्रास येथे १९५६ साली एक मोठी परीक्षा सुरू झाली. काही गरीब रुग्णांस आरोग्यधामात ठेवून औषध दिले, काहींस त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच दिले. घरच्यांस ना तेवढे अन्न मिळे ना तेवढी विश्रांती. तरी १९५९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झालेले आढळले. गुण औषधाचा होता, खाटेचा नव्हता. आमच्या घरांतून मात्र खाटेवरचा विश्वास अजून उठला नाही.

आम्ही गावोगाव आजाऱ्यांच्या समाचारास जातो तेव्हा हाच प्रकार पाहतो. धाप लागणारा मनुष्य पाणी घेण्यास उठला की सून धावते, मुलगा धावतो, शेजारी ओरडतो, "बसा, बसा, तुम्ही उठू नका." हे प्रेमच आहे. परंतु जो दररोज थोडा कमी उठतो त्याला दुसऱ्या दिवशी उठणे थोडे अधिक कठीण जाते; कठीण गेले म्हणजे धाप अधिक लागते; धाप लागली म्हणजे भय वाटते; आणि भयाने तो पुन्हा बसतो. ही उतरण अशीच खाटेपर्यंत नेते. आजाऱ्याचे काम त्याच्या हातून काढून घेणे आणि आजाऱ्याचे ओझे हलके करणे ह्या दोन गोष्टी एक नाहीत. एक मनुष्याला उणा करिते; दुसरी त्याला उभा करिते.

येथवर आम्ही घरच्या माणसांविषयी बोललो. परंतु खरा प्रश्न आजाऱ्याच्या अंतःकरणातला आहे. ज्याच्या छातीत दुसऱ्याची फुप्फुसे आहेत त्यास सहजच वाटते की, 'कोणी तरी मेला म्हणून मी जगलो. हे ऋण मी कसे फेडू?' दात्याचे नाव सामान्यतः त्यास सांगत नाहीत. तेव्हा ज्याचे देणे आहे त्याचे दारही त्यास ठाऊक नसते. अशा वेळी काही जण व्यायामाकडे ऋणाच्या हप्त्याप्रमाणे पाहू लागतात. एक दिवस चालणे चुकले की आपण त्या मेलेल्याचे अपराधी झालो असे त्यांस वाटते. गावही त्यास हेच ऐकविते: "दुसऱ्याच्या श्वासावर जगतोस, त्याची लाज राख." ही भाषा ऐकण्यास उंच वाटते, पण ती खरी आहे असे आम्हांस वाटत नाही. कायद्याने जे विकता येत नाही, आणि देणाऱ्या कुटुंबाने शोकाच्या घटकेस ज्याचे मोल मागितले नाही, त्याचे मोल आपण पुढे कसे भरणार? जे विकले गेले नाही त्याची किंमत फेडता येत नाही. ऋण म्हणून ते दान मानले की आपण दात्याला सावकार करितो. आणि आपल्या मेलेल्या मुलाच्या छातीतून श्वास देणारी आई सावकार नव्हे.

दुसरी चूक ह्याच्या उलट आहे. काही जण मानतात की, जो कष्ट करील त्यास आयुष्य मिळेल. म्हणजे व्यायाम ही आयुष्याची कमाई. ह्यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. फुप्फुसाचे प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक सहा वर्षे किंवा त्याहून थोडे अधिक जगतात. काही फार अधिक जगतात, काही फार कमी. वर्षे लोटता शरीर सावकाश त्या फुप्फुसाचा अव्हेर करू लागते, लहान श्वासनलिका आकसत जातात, आणि हा विकार नेमाने चालणाऱ्यासही होतो व आळशासही होतो. ज्याने एकही गोळी चुकविली नाही, एकही दिवस चालणे सोडले नाही, त्याचाही श्वास पुन्हा उणा होऊ शकतो. अशा मनुष्याच्या खाटेपाशी उभे राहून "ह्याने पथ्य पाळले नसेल" असे कुजबुजणे हा अन्याय आहे. व्यायामाने बळ वाढते हे खरे. परंतु व्यायाम हा देवाशी किंवा देहाशी केलेला सौदा नव्हे की इतकी पावले दिली तर इतकी वर्षे मिळावी.

मग व्यायाम जर हप्ता नव्हे आणि कमाईही नव्हे, तर तो काय आहे? आमचे उत्तर असे की, तो घेणे आहे. देणाऱ्याचे देणे एका रात्रीत पुरे होते. घेणाऱ्याचे घेणे पुरे होण्यास दिवस लागतात. शेजाऱ्याने चांगल्या भाताचे बी दिले आणि ते कणगीत पडून किडले, तर ते आपल्या घरात आले खरे, पण आपण ते घेतले असे म्हणता येईल काय? ज्या दिवशी ते पेरले, लावले, बेणले, त्या दिवशी ते घेतले. तसेच फुप्फुस छातीत बसविले जाते शस्त्रक्रियेच्या रात्री; पण ज्या सकाळी तो मनुष्य त्या श्वासाने अंगणाच्या टोकापर्यंत चालत जातो, त्या सकाळी त्याने ते घेतले. म्हणून चालणाऱ्याने अपराध्याच्या मनाने चालू नये. कर्जदाराच्या मनानेही नको. ज्यास ताट वाढले आहे तो जसा जेवतो तसे त्याने चालावे. एखादे दिवशी ताप आला, चालणे झाले नाही, तर त्यात पाप नाही. उद्या पुन्हा ताटावर बसावे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. कोणी म्हणेल, "एका मनुष्याच्या छातीसाठी कित्येक लाख रुपये, आणि आमच्या वाडीत धाप लागलेल्यास पनवेलपर्यंत जाण्यास गाडीभाडे नाही, ही कसली दया?" हा प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्याची आमची इच्छा नाही. फुप्फुसाचे प्रत्यारोपण थोड्यांच्याच वाट्यास येते. गरिबांच्या वाट्यास तर फारच क्वचित. परंतु हे पाहा की, ह्या उपचाराचे दोन भाग आहेत. महागडा भाग शस्त्राचा, आणि स्वस्त भाग पायांचा. महागडा भाग सर्वांस देणे आपल्या हाती नाही. पण स्वस्त भाग, म्हणजे आखलेली वाट, भक्कम खुर्ची, घड्याळ व रोज सोबत चालणारा मनुष्य, हा तरी आपण धाप लागणाऱ्या किती जणांस दिला आहे? चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसे बिघडलेल्यांस, क्षय बरा झाल्यावरही छाती अधू राहिलेल्यांस, सहा ते आठ आठवडे असा व्यायाम नेमाने दिला तर धाप कमी होते व चालणे वाढते, हे आज सर्वमान्य आहे. खर्चाच्या अन्यायावर बोलणाऱ्याने फुकटच्या दयेत कसूर करू नये. नाही तर महाग दया परवडत नाही आणि स्वस्त दया सुचत नाही, अशी आमची गत व्हावयाची.

आणखी एक गोष्ट. श्वासाचा विषय निघाला की कोणी शेजारी प्राणायाम सुचवितो. घाटावर लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था १९२४ पासून श्वासाच्या अभ्यासाचे काम करीत आली आहे, आणि सावकाश श्वास घेतल्याने मन शांत होते हे अनुभवाचे आहे. परंतु बसून श्वास घेतल्याने मांड्यांस बळ येत नाही. ज्याचे पाय वाळले त्यास चालणेच पाहिजे. आणि नवी फुप्फुसे असलेल्याने श्वास कोंडण्याचे किंवा जोराने झटके देण्याचे प्रकार डॉक्टरांस विचारल्यावाचून करू नयेत.

आता गावात असा कोणी आजारी असेल, तर त्याच्या घरच्यांनी व शेजाऱ्यांनी काय करावे ते सांगतो. त्याच्या ओटीवर किंवा अंगणात वाट आखून द्या. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरते, तेव्हा पडवीत चालवा. चालताना त्यास बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग पुरे. दम लागला तर उभे राहून विसावा घ्यावा आणि पुन्हा निघावे. विसाव्याने व्यायाम मोडत नाही. छातीत दुखणे, घेरी, ताप, किंवा ऑक्सिमीटरचा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली जाणे, ह्यांपैकी काही झाले तर मात्र थांबावे व डॉक्टरांस कळवावे. नव्या फुप्फुसांच्या मनुष्याने घरच्या यंत्रात रोज फुंकून आकडा लिहून ठेवावा. तो दहा टक्क्यांनी उतरला तर त्याच दिवशी इस्पितळास कळवावे, रविवारची वाट पाहू नये. औषधे घड्याळाच्या काट्यावर घ्यावी. पपनस खाऊ नये, कारण अशा फळांनी औषधाचे रक्तातील प्रमाण बिघडू शकते. राब भाजण्याच्या दिवसांत धुरापासून, भाताच्या झोडणीत धुळीपासून, कुजलेल्या पेंढ्यापासून व खताच्या खड्ड्यापासून त्यास दूर ठेवा. त्यांतील बुरशी निरोग्यास सहसा बाधत नाही, पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेविली आहे त्याचा ती जीव घेऊ शकते. जुनी छातीची व्यथा असलेल्या इतरांनी प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ज्याच्या थुंकीतून रक्त पडते किंवा ज्याचा क्षय अजून बरा झाला नाही त्याने आधी औषध, मग व्यायाम.

परंतु शेतात जाण्याची मनाई झाली म्हणजे शेतकऱ्याचे मन मरते, हेही ध्यानात ठेवा. "तुला आता काही करावयाचे नाही" हे वाक्य कानास गोड आहे. मनुष्यास मात्र ते थडग्यासारखे आहे. नांगर धरता येत नसेल तर हिशेब लिहू द्या, मुलांस शिकवू द्या, दूध मोजू द्या. ज्याला जगविले त्याच्यासाठी जगण्याजोगे काही राखून ठेवणे हेही पुनर्वसनच आहे.

शेवटी उपदेशकांस व गावच्या पंचांस आमची एक विनंती आहे. इस्पितळात आठवड्यातून तीन वेळा जाणे गरिबास जमत नाही. लोकलची गर्दी, गाडीभाडे आणि सोबत जाणाऱ्याची बुडणारी मजुरी, ह्यांनी पुष्कळांचा व्यायाम पहिल्याच महिन्यात सुटतो. तो सुटू न देणे गावाच्या हाती आहे. आजाऱ्याच्या समाचारास गेल्यावर खाटेशेजारी बसून हळहळण्यापेक्षा त्यास विचारा, "आज चालून झाले काय?" झाले नसेल तर चपला घाला आणि त्याच्याबरोबर निघा. तुम्ही त्याच्या वेगाने चाला; त्यास तुमच्या वेगाने चालवू नका. सहा मिनिटे पुरेत. उद्या त्याच वेळी पुन्हा या.